जॅकेटला खोबरेल चोपडण्याआधी

थंडी पडायला लागली की कपाटाच्या वरच्या फळीवरून लेदर जॅकेटं खाली उतरतात आणि त्यांच्या मागोमाग तो मेसेजही. मजकूर थोडक्यात असा: जॅकेट कडक झालंय, पांढरं पडलंय, रंग उडालाय? पैसे घालवू नका. व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, खोबरेल तेल भरपूर चोळा, ते मुरायला दोन तास कडक उन्हात ठेवा, वरून बूट पॉलिश मारा. जॅकेट नव्यासारखं! आणि शेवटी ठसका: ‘आपले आजोबा चपलांना आणि मोटेला हेच करायचे.’

मी चामड्याच्या वस्तू दुरुस्त करतो. हा मेसेज फिरायला लागल्यापासून माझ्याकडचं काम वाढलंय, म्हणजे तक्रार करायला मला खरं तर जागा नाही. तरी करतो.

सुरुवात आजोबांपासून, कारण बाकीचा घोळ तिथूनच निघालाय. आजोबा चुकत नव्हते. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. त्याच्यावर रंगाचा थर नसतो, छिद्रं उघडी असतात, कातडं जाड असतं. तेलाचा हात फिरवला की ते पितं, नरम पडतं, रंगही गडद होतो. पण अंगातलं जॅकेट हे त्या कुळातलं नव्हे. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारात कमावतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. खात्री करायची असेल तर खिशापाशी अस्तर उसवलेलं असेल तिथून आत डोकावून चामड्याची कापलेली कड बघा. काळ्या रंगाखाली निळसर राखाडी पट्टी दिसली तर ते क्रोमचं. कोल्हापुरीची कड आरपार तपकिरी असते.

क्रोमचं चामडं कमावून झालं की कारखान्यातच मोठ्या फिरत्या पिंपात घालून, पाण्यात फेटलेली चरबी त्याच्या तंतूंमध्ये मुरवतात. मग रंग, आणि बहुतेक जॅकेटांवर त्यावर ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा पातळ थर. म्हणजे आतून तेल आधीच दिलंय आणि वरून दार लावून घेतलंय. आता बाहेरून चोळलेलं खोबरेल जाणार कुठे? भेगांतून, शिवणीच्या भोकांतून, घासलेल्या कोपरांतून. नेमकं जिथे जॅकेट अशक्त आहे तिथे जास्त, आणि बाकी सगळं वर चिकट बसून राहतं. त्यावर धूळ बसते, आतल्या अस्तरावर नकाशे उमटतात.

आणि खोबरेलच का, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ते साधारण २४ अंशांना थिजतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही न्हाणीघरातली डिसेंबरातली बाटली सांगेल. मागच्या हिवाळ्यात एक गृहस्थ जॅकेट घेऊन आले. ‘पाठीवर बुरशी आलीय, तीनदा पुसली, परत येते.’ पाठभर पांढरट, पिठासारखा थर. मी हेअर ड्रायर मंद करून वीतभर अंतरावरून फिरवला, आणि ती ‘बुरशी’ दोघांच्या डोळ्यांदेखत विरघळून चामड्यात नाहीशी झाली. बुरशी अशी विरघळत नसते. ते तेल होतं, उन्हाळ्यात चोळलेलं, थंडीत वर येऊन गोठलेलं. गृहस्थ थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, मेसेज बायकोने पाठवला होता. (बायकोचं म्हणणं अर्थातच वेगळं असणार.)

ऑलिव्ह ऑईलवाल्यांनी हसू नये. ते थिजणार नाही, खवट होईल. जवसाचं तेल तर त्याहून वाईट, कारण ते हवेत सुकून कडक होतं. चित्रकार ते रंगात घालतात ते याच गुणासाठी. चामडं नरम करायला सुकून कडक होणारं तेल लावायचं, म्हणजे अवघडच आहे.

मग लोक शपथेवर का सांगतात की फरक पडला? कारण पडतो. पहिले आठ दिवस जॅकेट खरोखर सुरेख दिसतं, गडद आणि झुळझुळीत. फोटो त्याच आठ दिवसांत काढलेला असतो. संग्रहालयांतही जुन्या चामड्याला लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतली चरबी) आणि मेणाची मलमं नेमाने लावायचा प्रघात होता. पुढे त्यांनाच दिसलं की मलमाने डाग पडतात, धूळ धरते, पांढरा थर येतो, आणि तो प्रघात बराचसा मागे पडला. वापरातल्या जॅकेटला थोडं कंडिशनर, म्हणजे चामडं नरम ठेवणारं क्रीम, लागतं, हे मान्य. पण ‘भरपूर’ हा शब्द त्या मेसेजमधला सगळ्यात महाग शब्द आहे.

दोन तास कडक ऊन. याच्या उलटही एक मेसेज फिरतो, की उन्हात जॅकेट आकसून लहान मुलाचं होतं. तेही खरं नाही. क्रोमचं चामडं भिजलेलं असलं तरी ते आकसायला पाणी उकळण्याइतकी उष्णता लागते. ऊन दुसरंच काही करतं. चामड्यात नेहमी थोडं पाणी असतं, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्तच. ते उडालं की तंतू एकमेकांना चिकटून बसतात आणि जॅकेट पापडासारखं वाजायला लागतं. शिवाय रंग उडतो, तोही एकसारखा नाही. खांदे तांबूस, काखेत काळं.

व्हिनेगरला मी त्यातल्या त्यात सौम्य गुन्हेगार मानतो. चामडं स्वतःच आम्लधर्मी असतं, त्यामुळे पातळ व्हिनेगरने एकदा पुसलं म्हणून आभाळ कोसळत नाही. खायचा सोडा किंवा कपड्यांचा साबण सुचवणारे जास्त नुकसान करतात, ते चामड्याच्या स्वभावाच्या थेट उलट जातात. पण व्हिनेगरने फायदा काय? पिळून घेतलेलं ओलसर फडकं जे करतं तेच, वर वास फुकट.

आता खरी बुरशी. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा सत्तर टक्क्यांच्या खाली क्वचित उतरतो, आणि बुरशीला तेवढा पुरतो. त्यात आपण जॅकेट ड्रायक्लीनरच्या प्लॅस्टिक पिशवीत, दोन डांबरगोळ्या टाकून बंद करतो. डांबरगोळ्या किड्यांसाठी असतात, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. प्लॅस्टिक तर आतला ओलावा जपून ठेवतं. जुनी सुती चादर किंवा धोतराचा कपडा वरून टाका, रुंद हँगरला लावा, कपाट आठवड्यातून एकदा उघडून पंखा सोडा. आलीच बुरशी तर गॅलरीत नेऊन, तोंडाला मास्क लावून, सुक्या मऊ ब्रशने झाडा. घरात झाडलीत तर ती शेजारच्या शालूवर जाऊन बसेल. मग ओलसर फडकं, आणि सावलीत वारा लागेल असं टांगून ठेवायचं. सॅनिटायझरने पुसू नका. बुरशी जाईल, पण वरचा रंगही फडक्यावर येईल.

बूट पॉलिशबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बूट कुणी मानेला घासत नाही, जॅकेटची कॉलर घासते. पांढरा शर्ट घालून एकदा बघा.

एक जात मात्र वेगळी सांगायला हवी: मुद्दाम जुनाट दिसेल असं केलेलं, तेल-मेण मुरवलेलं चामडं. वाकवलं की घडीवर रंग फिकटतो, नख ओढलं की पांढरी रेघ उठते. एका मुलाने हौसेने घेतलेलं असं जॅकेट त्याच्या आत्याने ‘किती ते विटकं’ म्हणून काळ्या पॉलिशने एका दुपारी झाकून टाकलं होतं. प्रेमानेच केलं होतं. तशा चामड्यावरच्या रेघेला औषधच लागत नाही. अंगठ्याने अर्धा मिनिट जोर देऊन चोळा, हाताच्या उबेने आतलं मेण हलतं आणि रेघ बुजते.

आणि ज्या जॅकेटाच्या खपल्या निघतायत त्याला काहीच करू नका. उलट्या बाजूला विणलेलं कापड दिसलं तर ते चामडं नाहीच, कापडावर पॉलियुरेथेनचा थर आहे. आपल्या दमट हवेत तो फुटतोच. हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं, कारण माणूस मोठ्या आशेने पिशवी उघडत असतो.

मग करायचं काय? जॅकेटच्या बाहेरच्या बाजूला, चटकन न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब टाकून बघा. शोषला जाऊन डाग गडद झाला तर चामडं उघडं आहे, ते जाणकाराकडे द्या. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर घरी करता येईल. पिळलेल्या फडक्याने मळ काढा, रात्रभर सुकू द्या. चामड्याचं पाण्यात मिसळलेलं क्रीम रुपयाच्या नाण्याएवढं घेऊन एक बाही उरका, एवढंच पुरतं. दुसऱ्या दिवशी हात चिकटला नाही तर हवं तर आणखी एकदा. कॉलर आणि कोपरांचा उडालेला रंग क्रीमने येत नाही. त्याला चामड्याचा पिगमेंट लागतो, स्पंजने टिपत टिपत, पातळ, प्रत्येक थर सुकवून. माझ्या हातून कोपराला पाच-सहा थर जातात. भेग मात्र तुटलेल्या तंतूंची असते, ती भरून झाकता येते, पुन्हा जुळत नाही.

ज्यांनी तेल आधीच चोपडलंय त्यांनी सुकी मुलतानी माती जाडसर पसरून जॅकेट रात्रभर आडवं ठेवावं आणि सकाळी ब्रशने झाडावं. तीन-चार रात्री लागतात, आणि सगळं तेल निघेल असं वचन मी देत नाही. माती सुकीच हवी. तिचा गुलाबपाण्यात लेप करायचा तो मेसेज वेगळा.