‘परत कधी येणार?’

मिशन ट्रिपवर (चर्चतर्फे सेवेसाठीचा दौरा) गेलेल्या मुलीने रस्त्यावरच्या मुलांसोबतच्या पंधरा दिवसांबद्दल लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. आमच्या चर्चच्या नऊ जणांबरोबर मीही जुलैमध्ये केनियात नैरोबीला गेले होते. तिथे या मुलांना ‘चोकोरा’ म्हणतात, म्हणजे कचरा चिवडणारा. जाणाऱ्यांनी कृपा करून तो शब्द तोंडात घेऊ नये. ‘जिना लाको नानी?’, तुझं नाव काय, एवढं स्वाहिली शिकून जा.

सकाळी आम्ही चहा आणि मंदाझी द्यायचो (तळलेली, गोडसर, फुगलेली असते). आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा कायम एकाच हाताने खायचा. दुसरा हात स्वेटरच्या बाहीत, कारण तिथे चपलांना लावायच्या गोंदाची बाटली. भूक आणि थंडी कळू नये म्हणून ही मुलं ती हुंगतात. शहर १७०० मीटरच्या आसपास उंचीवर, जुलैच्या रात्री अंग काकडतं.

आमच्या गाण्यांनी, खेळांनी त्याने ती बाटली सोडली नाही. तिथल्याच एक ताई कितीतरी महिने रोज त्याच्या शेजारी फूटपाथवर बसत होत्या. त्यांच्या हातात मात्र तो ती द्यायचा, जेवण होईपर्यंत.

निघताना त्याने विचारलं, ‘उतारुदी लिनी?’ परत कधी येणार? मी ‘लवकर’ म्हणाले. जाणं झालं नाही, आणि ते मला अजून टोचतं. तिकिटाला लागले असते तेवढे पैसे आता दरवर्षी त्या ताईंच्या पगारासाठी पाठवते.