संस्थळ तुमचं, जबाबदारी कुणाची?

सदस्यांनी लेख आणि प्रतिसाद लिहायचे, असं संस्थळ काढलंत, अभिनंदन. आता लोक लिहिणार, आणि लोक लिहिणार म्हणजे त्यांतले काही घाण करणार. तिचा शिंतोडा आपल्या अंगावर येऊ नये, ही व्यवस्था पहिल्याच दिवशी करून ठेवावी. ऐनवेळी केलेली झटकाझटकी चटकन ओळखू येते.

सुरुवात तळटीपेपासून. "येथील मतांशी संचालक सहमत असतीलच असे नाही" हे वाक्य करड्या पट्टीवर करड्याच अक्षरांत टाका. कायद्यापुढे त्याचं वजन किती, हे एस्टोनियातल्या डेल्फी या बातम्यांच्या संकेतस्थळाला विचारावं. प्रतिसादाला लिहिणारा जबाबदार, अशी सूचना तिथे होती. शिव्या गाळणारी चाळणी होती, तक्रारीची सोयही होती. २००६ मध्ये एका फेरीबोट कंपनीवरच्या बातमीखाली १८५ प्रतिसाद आले, त्यांतल्या वीसेकांत धमक्या आणि शिवीगाळ. ते सुमारे सहा आठवडे तसेच राहिले आणि वकिलाचं पत्र आल्यावर त्याच दिवशी उडाले. तरी तिथल्या न्यायालयांनी डेल्फीलाच जबाबदार धरलं, आणि २०१५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. भरपाई अवघी ३२० युरो, हा भाग वेगळा. पण तुम्ही डगमगू नका. तळटीप न्यायाधीशांसाठी नसतेच. ती वाचून तक्रारदाराचा धीर सुटला की तिचं काम झालं.

मग सदस्यांना आपलं तत्त्व ऐकवा: "आम्ही हात लावला तर आम्हीच अडकतो." याला इतिहासाचा भक्कम आधार आहे, फक्त इतिहास १९९५ ला थांबवावा लागतो. अमेरिकेत १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्ह ही ऑनलाइन सेवा बदनामीच्या दाव्यातून सुटली, कारण मजकूर ती तपासतच नव्हती. १९९५ मध्ये प्रॉडिजी ही तसलीच सेवा अशाच दाव्यात सापडली, कारण तिने नियम केले होते आणि ते पाळून घेणारी माणसंही नेमली होती. झाडणारा पकडला, झोपलेला सुटला! हा उफराटा प्रकार मोडण्यासाठीच १९९६ च्या कायद्यात कलम २३० आलं आणि सद्हेतूने मजकूर काढणाऱ्याला संरक्षण मिळालं. एवढं पुढचं सांगत बसू नका. भारतात असाल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ उपयोगी पडेल: दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरापासून ते संस्थळाला संरक्षण देतं, फक्त 'प्रत्यक्ष माहिती' मिळूनही मजकूर काढला नाही तर ते जातं. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मजकुराची 'प्रत्यक्ष माहिती' म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी सूचना. तेव्हा आईवरून शिवी खाल्लेल्या सदस्याला शांतपणे सांगा, "आदेश आणा." आदेशाशिवाय काढायला कुणाची मनाई नाही, ही गोष्ट तेवढी बोलायची नाही. तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करावं, चोवीस तासांत पोच द्यावी, असं त्याच कायद्याखालचे २०२१ चे नियम म्हणतात. नाव म्हणून 'टीम' लिहा.

संपादक मंडळ मात्र हवंच. चार-पाच हौशी, बिनपगारी माणसं घ्या. त्यांना प्रतिसाद झाकायचा अधिकार द्या, पण आयडी बंद करायचा देऊ नका. म्हणजे एकच माणूस दिवसभर घाण करील आणि हे दिवसभर झाकत बसतील. काय उडवलं, कुणी, का, याची नोंद ठेवायची नाही. नोंद नसली की 'कंपूबाजी'चा आरोप आपोआप होतो, लोक मंडळाशी भांडतात आणि मालक मोकळा राहतो. महिन्याभरात दोघं राजीनामा देतील. त्यांच्या निरोपाचा धागा, म्हणजे चर्चेचं नवं पान, काढा, तिथेही प्रतिसाद येतात.

"यंत्रणा कार्यरत आहे" असं म्हणता यावं म्हणून शब्दांची चाळणी बसवा. नमुना पाहा. 'मर' हा शब्द बंद केला, की 'अमर', 'स्मरण', 'समर्थ' सगळे अडकतात, आणि श्रद्धांजलीच्या धाग्यावर कुणाला शब्द लिहिता येत नाही. ज्याला खरोखर 'मर' म्हणायचंय तो मधे टिंब देतो, रोमनमध्ये लिहितो, नाहीतर दोन अक्षरांमध्ये शून्य रुंदीचं अदृश्य जोडचिन्ह घुसवतो. डोळ्यांना शब्द तोच, संगणकाला वेगळा. तुलनेआधी अशी चिन्हं काढून टाकणं दोन ओळींचं काम आहे. करू नका. नव्या आयडीचे पहिले पाच प्रतिसाद तपासून सोडायचे, हा उपाय तर कटाक्षाने टाळा. त्याने डुआयडींचा, म्हणजे एकाच माणसाने काढलेल्या जादा खोट्या आयडींचा, उत्साह मावळतो आणि महिन्याचे आकडे पडतात.

तक्रारीचं बटण असावं, पण ते लॉगिन केल्यावर, तीन टिंबांमागे. अर्जात दुवा, तारीख, वेळ, 'कोणत्या नियमाचा भंग' आणि स्क्रीनशॉट सक्तीचे करा; स्क्रीनशॉटची मर्यादा इतकी लहान ठेवा की फोनवरचा चढूच नये. हे सगळं ज्या पत्त्यावर जाईल त्याचा पासवर्ड सोडून गेलेल्या संपादकाकडे असेल, तर उत्तमच.

गवगवा झालाच, तर प्रतिसाद मुळापासून उडवा. नुसता झाकला तर मजकूर पुरावा म्हणून मागे राहतो. उडवूनही खालच्या अकरा जणांनी तो अवतरणात घेतलेला असतो आणि सूचनेच्या ईमेलमधून तो घरोघर पोचलेला असतो, तिकडे बघू नका. पोलिसांनी लिहिणाऱ्याचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मागितला तर सर्व्हरची नोंदवही खुशाल द्या. सर्व्हरपुढे पाहुण्यांची ये-जा स्वतःमार्फत पुढे पाठवणारी मध्यस्थ सेवा असेल आणि पाहुण्याचा मूळ पत्ता टिपण्याची सोय तुम्ही केली नसेल, तर तिथे त्या सेवेचेच पत्ते सापडतील. मूळ पत्ता टिपलेला असला, तरी मोबाइल कंपन्या एकच पत्ता असंख्य ग्राहकांना वाटतात. पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखणारा आकडा) आणि नेमकी वेळ नसेल तर माणूस सापडणं कठीण. वेळ कोणत्या प्रदेशाची, हे लिहायचं राहिलेलं असेल तर शेकडो माणसं संशयित.

शेवटी निवेदन काढा. "दोन्ही बाजूंना समज देण्यात आली आहे" हे वाक्य त्यात हवं. शिवी देणारा आणि खाणारी, दोघांचे आयडी आठवडाभर बंद करा. ती फारच पत्रव्यवहार करू लागली तर तिचा आयपीही अडवा. नोंदवहीत तो पत्ता मध्यस्थ सेवेचा निघेल, त्यामुळे तिच्याबरोबर निम्मे सदस्यही बाहेर राहतील. त्या संध्याकाळी संस्थळावर आक्षेपार्ह असं फारसं काही येणार नाही, तेव्हा आकडा टिपून ठेवा. वार्षिक अहवालात 'लक्षणीय घट' म्हणून घालता येईल.