बुंध्याचा फोटो पाठवा हो!

बोन्सायसाठी झाड विकणाऱ्या प्रत्येकाला मी एकच साधा प्रश्न विचारतो. "झाडाचा बुंधा मातीत शिरतो ना, तिथला जवळून फोटो पाठवाल का? शेजारी एक पेन ठेवा, म्हणजे जाडी कळेल." गेले अकरा महिने हा प्रश्न मी मराठीत विचारला, हिंदीत विचारला, मोडक्यातोडक्या इंग्रजीतही विचारून झाला. उत्तरादाखल आलं काय, तर जोडलेले हात, गुड मॉर्निंगचे गुलाब, एक अवाढव्य पीडीएफ ज्यात अडेनियमच अडेनियम (ते फुगीर बुंध्याचं फुलझाड), आणि "सर बजेट किती?" बुंधा मात्र आला नाही.

मला ज्युनिपर हवंय, म्हणजे ते थंड मुलखातलं सदाहरित सूचिपर्णी झाड, बोन्साय करायला. तयार बोन्साय नको. पांढरे खडे चिकटवलेली, वर छोटा बुद्ध बसवलेली कुंडी तर अजिबात नको. मला लागतं ते मटेरियल, म्हणजे पाच-सात वर्षं कुणीतरी डोकं वापरून वाढवलेलं कच्चं झाड. बुंध्यासाठी एवढा जीव का टाकतो, ते एकदा सांगतो. पानं दोन वर्षांत बदलता येतात, फांद्यांना चार-पाच वर्षांत हवं ते वळण लावता येतं, पण मातीलगतची खालची चार बोटं? झाड एकदा उथळ कुंडीत गेलं की खोड जाड होण्याचा वेग मुंगीचा होतो. जे आहे ते आहे. त्यातून ज्युनिपरची आणखी एक सवय अशी, की जुन्या उघड्या लाकडावर ते सहसा नवा फुटवा काढत नाही. फांदीवरचं सगळं हिरवं काढलंत की ती फांदी गेलीच समजा. म्हणून खोडाजवळ, आतल्या बाजूला हिरवं टिकलेलं असावं लागतं.

आणि आमचे नर्सरीवाले नेमकं काय करतात? आतलं सगळं साफ ओरबाडून काढतात आणि फांद्यांच्या टोकाला हिरवे गोंडे ठेवतात. नवरदेवाच्या घोड्यासारखं सजवलेलं ते झाड समोर ठेवून वर सांगतात, "बघा, रेडी शेप दिलाय." अहो, शेप दिला नाहीत, सगळ्या वाटा बंद करून ठेवल्यात!

सुरुवात मी आपल्या पुण्याजवळच्या उरुळी कांचनपासूनच केली. सोलापूर रस्त्याला दुतर्फा नर्सऱ्या आहेत, तिथे नाही मिळणार तर कुठे मिळणार, असा माझा भाबडा हिशेब. पहिल्याच नर्सरीत दादांनी मोठ्या उत्साहाने मला मोरपंखीच्या रांगेपुढे उभं केलं.

"दादा, ही मोरपंखी आहे."

"साहेब, हे बी ज्युनिपरच हाये. बारीक पानाचं."

आता मोरपंखीची फांदी म्हणजे उभा धरलेला सपाट पंखा, आणि तिला निळसर, शिंगं फुटल्यासारखी बोंडं येतात. ज्युनिपरला बोरासारखं गोल, मांसल फळ. लहान पोरालाही फरक दिसेल. तसं म्हटलं तर दादा म्हणाले, "मग ते गोल्डन न्या." तेही सायप्रस निघालं. चौथ्या नर्सरीत एकदाचं खरं ज्युनिपर दिसलं, जमिनीवर पसरणारं, बोचऱ्या पानांचं. लॉनच्या कडेला लावायला ठीक. बुंधा माझ्या करंगळीएवढा. वय विचारलं तर "दहा वर्षं आरामात." दहा वर्षांत माझं पोरगं पाळण्यातून सायकलवर आलं, आणि हे झाड करंगळीवरच थांबलं!

नर्सरीवाल्यांवर एका मर्यादेपलीकडे चिडता येत नाही. त्यांचा धंदा लॉन, गुलाब आणि सोसायट्यांच्या कुंपणाचा आहे, ज्युनिपर त्यांनी ओळखलंच पाहिजे असं कुठे लिहून ठेवलंय? माझा खरा राग आहे तो स्वतःला 'बोन्साय स्पेशालिस्ट' म्हणवणाऱ्यांवर. यांना नेबारी, म्हणजे बुंध्याशी मातीवर दिसणारा मुळांचा पसारा, ठाऊक असतो, जिन (साल सोललेली सुकी फांदी) आणि शारी (खोडावरचा साल काढलेला पांढरा भाग) हे शब्द ते लोणच्यासारखे तोंडी लावतात, फांद्या वळवायला तार कुठल्या जाडीची वापरायची यावर तासभर बोलतात. आणि तरीही बुंध्याचा फोटो नाही!

एकाने मला 'शिंपाकू (बोन्सायवाल्यांचं लाडकं जपानी ज्युनिपर), इम्पोर्टेड स्टॉक' म्हणून जो फोटो पाठवला, त्यात मागे जपानी अक्षरांची पाटी होती. मी विचारलं, "हे झाड तुमच्याकडे आहे का?" म्हणे, "सर, असंच होईल." असंच होईल! म्हणजे आज पैसे द्यायचे, आणि माझ्या नातवाने ते फोटोसारखं झालंय का हे तपासायचं.

दुसऱ्याकडे दीडशे किलोमीटर गाडी हाकत गेलो. फोनवर म्हणाले होते, "मालच एवढा आहे की तुम्हीच निवडा." गेलो तर माल होता, नाही असं नाही. पण प्रत्येक झाडाच्या बुडाशी शेवाळाची गादी, मऊ मऊ, हिरवीगार, शाल पांघरल्यासारखी. मी बोटाने जरा बाजूला करायला गेलो तर गृहस्थ कळवळले, "सर, शेवाळ डिस्टर्ब करू नका ना." तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ते फोन घ्यायला वळले तशी मी गादी उचलली. खाली तीन वेगवेगळी रोपं एकत्र बांधलेली, तीही प्लास्टिकच्या सुतळीने. वरून एक खोड वाटावं म्हणून. किंमत साडेचार हजार.

तिसऱ्याकडे तारेचा प्रकार. सगळ्या झाडांना एकाच मापाचा पीळ, जणू कारखान्यातल्या स्प्रिंगा, आणि तार सालीत रुतलेली. मी बोललो तर मलाच शिकवायला लागले, "जपानमध्ये असंच करतात." करतात ना, मी कुठे नाही म्हणतोय! तिथले उत्पादक छाटकलम कोवळं, पेन्सिलीहून बारीक असतानाच तार गुंडाळून चांगलं पिळून काढतात, कधी कधी तार मुद्दाम सालीत बुडू देतात, मग वर्षानुवर्षं वाढू देतात. प्रत्येक रोपाचं वळण वेगळं. कारण त्यांच्यापुढे नमुना असतो कड्यावरच्या झाडांचा. शंभर-एक वर्षांपूर्वी तिथली माणसं दोराने लोंबकळत उभ्या कड्यांवरून शिंपाकू उतरवायची, त्यात काहींनी जीवही गमावले. शिंपाकूच्याच जाती बघा: इतोईगावा हे नाव निइगाता प्रांतातल्या त्या नावाच्या भागावरून आलेलं, किशू हे जुन्या किशू प्रांतावरून. म्हणजे झाडाच्या नावातच त्याचं गाव. आणि इथे? "ज्युनिपर, दोन साइजमध्ये, स्मॉल आणि बिग."

तिकडे 1923च्या भूकंपानंतर तोक्योतले बोन्सायवाले जागा सोडून उत्तरेला ओमियाला गेले आणि 1925मध्ये त्यांनी तिथे आपलं गावच वसवलं. आजही सरळ चालत जाऊन बागा बघता येतात. आमच्याकडे एका माणसाच्या बागेचा पत्ता मिळवायला तीन जणांच्या ओळखी लागतात, आणि पत्ता मिळाल्यावर कळतं, ते फक्त गुरुवारी अकरा ते एक असतात. या गुरुवारी नसतात.

आता कुणीतरी शहाणा म्हणेल, मग जपानहूनच मागवा की. मागवा! 2003चा वनस्पती संगरोध आदेश वाचलाय का? आधी आयात परवाना, मग तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र, मुळांना माती लागलेली चालणार नाही, आल्यावर पुन्हा विलगवासात ठेवून तपासणी. नियम बरोबरच आहेत, बाहेरची कीड आत येऊ नये हे मलाही पटतं. पण एका झाडासाठी हे सोपस्कार करणं म्हणजे पावशेर भाजीसाठी ट्रक ठरवणं.

आंध्रात कडियमला फोन लावला. तिथून देशभर झाडं जातात, माणसं धंद्याला पक्की, फोनही पहिल्या रिंगला उचलला. मला वाटलं, जमलं! "पन्नास नग मिनिमम, सार." माझ्या गच्चीत पन्नास ज्युनिपर लावले तर बायको मला एक्कावन्नावं म्हणून कुंडीत लावेल.

शेवटी डोंगराळ भागातल्या एका नर्सरीकडून कुरियरने मागवलं. फोटो बरा होता; बुंधा दिसत नव्हता, पण मीच म्हटलं जाऊ दे, किती ताणायचं. चूक माझी, कबूल. त्यांनी ते भर मे महिन्यात पाठवलं. खोका सहा दिवस कुठल्या कुठल्या गोदामांत भाजत फिरला. उघडला तर झाड हिरवंगार! मी खूश. सावलीत ठेवलं, पानांवर सकाळ-संध्याकाळ फवारा, मुळांना हात लावला नाही. जूनमध्येही हिरवं. जुलैच्या मध्यावर रंग जरा उतरला, आणि ऑगस्टपर्यंत ते खराट्यासारखं झालं. ज्युनिपर असंच मरतं. मुळं आधी जातात, पानं दीड-दोन महिने त्याची खबरच लागू देत नाहीत. म्हणजे तो खोका माझ्या दारात आला तेव्हा आत बहुधा प्रेतच होतं, नटवलेलं. विक्रेत्याला कळवलं तर म्हणतो, "सर, रिसीव्ह केल्याचा फोटो तुम्हीच पाठवला होता, त्यात हिरवं आहे." यावर काय बोलणार? फोटोपुरता तोच बरोबर.

आणि आपले छंदवाले मित्र? त्यांच्याबद्दलही बोलायलाच हवं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात एक ज्युनिपर पाहिलं, अर्धं खोड पांढरं हाडासारखं, शेजारून सालीची एकच जिवंत पट्टी वर चढत गेलेली. पाय हलेनात माझे तिथून. मालक शेजारीच उभे. मी अदबीने विचारलं, "काका, मटेरियल कुठून घेतलं होतं?" काका दूर कुठेतरी बघत म्हणाले, "मिळालं असंच." असंच! सोन्याची खाण सापडल्यासारखं लपवतात. वर उत्पादक टिकत नाहीत म्हणून हळहळायलाही हेच पुढे. अरे, गिऱ्हाईक पाठवलंच नाहीत तर टिकतील कसे?

कारण खरं सांगायचं तर उत्पादकाचीही गोची आहे. आठ वर्षं जमीन अडवून, दर पावसाळ्यात मुळं कुजण्याची धास्ती घेऊन, उन्हाळ्यात लाल कोळी किडीशी झगडून त्याने झाड तयार करायचं, आणि आमच्यातलाच कुणीतरी येऊन म्हणणार, "लास्ट किती? ऑनलाइन तर सातशेला आहे." त्यापेक्षा तो अडेनियमच लावणार. मी स्वतः एकदा 'लास्ट किती' विचारलंय. लाज वाटते, पण विचारलंय.

पण म्हणून फोटो का नाही? फोटोला पैसे पडतात का? नसेल द्यायचं झाड तर "नाही" म्हणा. महाग असेल तर आकडा सांगा, मी बसून रडेन, मग ठरवेन. "बघतो", "पाठवतो", "पाऊस थांबू दे", "माळी गावाला गेलाय" हे अकरा महिने ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या माळ्याचं गाव कुठलं आहे एकदा सांगा, मीच जाऊन त्याला घेऊन येतो.

हे लिहीत असतानाच फोन वाजला. गेल्या पंधरवड्यात ज्यांना सात वेळा विनवलं, त्यांनी एकदाचा फोटो पाठवलाय. घाईघाईने उघडला. पेन आहे! निळं, टोपणासकट, कुंडीच्या काठावर अगदी सरळ ठेवलेलं. आणि बुंध्यावर ही एवढी शेवाळाची गादी.