साडी, केक आणि मावशींचा पगार

दादा, जय ख्रिस्त.

मी लिहिलं होतं की आमच्या चर्चचं आवार झाडणाऱ्या मावशींना ठेकेदार किमान वेतनही देत नाही आणि हे ठाऊक असून आपली मंडळी गप्प आहे. त्यावर तुम्ही म्हणता : चर्च आत्म्यांच्या तारणासाठी आहे, पगाराचं राजकारण फाटकाबाहेर ठेवा. नाताळात आपण साडी आणि किराणा देतोच. शिवाय ‘गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत’ असं प्रभूच म्हणाला.

बायबलातलं ते वचन, मार्क १४:७, पुढे वाचा ना. ‘पाहिजे तेव्हा तुम्हाला त्यांचं बरं करता येतं’ असंही प्रभू त्याच वचनात म्हणतो. ऐकणाऱ्यांना जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १५ वा अध्याय ठाऊक होता. देशात गरीब असणारच, म्हणून तू आपला हात मोकळा सोड, अशी तिथली आज्ञा आहे. तो अध्याय मुख्यतः सातव्या वर्षी कर्ज सोडण्याबद्दल आणि मुक्त केलेल्या दासाला रिकाम्या हाताने न पाठवण्याबद्दल आहे. २४ वा अध्याय तर मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगतो. आणि दाबून ठेवलेली मजुरी ओरडते, ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे, हे याकोबाने लिहिलं (५:४).

साडी वाटताना मीही होते. केकचा डबा माझ्याच हातात होता. मावशी हसल्या, मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यात पगाराचं विचारायचं राहूनच गेलं. हे असं कितीतरी नाताळ झालं.

राजकारणाचं म्हणाल तर, संडे स्कूलची मुलं आपण केडगावच्या मुक्ती मिशनला नेतो, पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींची गोष्ट सांगतो. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात बायकांचे हाल झाले, त्याबद्दल बाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं, हे मात्र सांगत नाही. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, तरी लिहिलं.

माझी पणजी नगर जिल्ह्यातली. गावच्या पाणवठ्यावर तिला मज्जाव होता. मिशनच्या विहिरीवर ती स्वतःच्या हाताने पोहरा सोडायची. बाप्तिस्म्याची आठवण सांगायला बसली की ती विहिरीपासूनच सुरुवात करायची. दादा, तुमच्याही घरात अशी एखादी विहीर असेल. तारण कुठवर आणि पाणी कुठून, हे तिला वेगळं करून सांगा असं कोणी म्हटलं असतं, तर तिला प्रश्नच कळला नसता.

एक मात्र तुमचं खरं. कमिटीशी आधी न बोलता मी लिहिलं. भावाचा दोष आधी एकांतात दाखव, हे मत्तय १८ मध्ये आहे आणि ते मी पाळलं नाही. त्याबद्दल क्षमा मागते. काल सेक्रेटरींना भेटले. ठेकेदाराचा करार आणि वेतनाच्या पावत्या पाहायला मिळाव्यात असा सभासदांचा अर्ज द्या, म्हणाले. हरकत नाही ना, हे मावशींनाही विचारलं. नाव पुढे करू नका, एवढंच त्या म्हणाल्या.

अर्ज तयार आहे. रविवारी मराठी उपासनेनंतर मी फाटकाजवळ थांबेन. पहिली सही माझी आहे, दुसरी जागा तुमच्यासाठी ठेवते.