मंद्याचा पेपर आणि माहुलचा वास

मंद्याची पीएचडी आधी संपणार की मेट्रोचं काम, यावर चेंबूरच्या आमच्या कट्ट्यावर जुनी पैज आहे. काल स्वारी सेमिनारहून आली ती झोळी खाली न ठेवताच सुरू. "पर्यावरणीय न्यायाच्या संशोधनाचं भवितव्य आता बहुआयामी..." (म्हणजे, घाण नेहमी गरिबांच्याच दारात का, याचा अभ्यास.)

"आधी कटिंग सांग," बाळ्या म्हणाला. "तुझी उधारी मात्र एकआयामीच आहे, माझ्या नावावर."

मंद्या थेट अमेरिकेत. १९८२, वॉरन काउंटी, काळ्या लोकांच्या वस्तीजवळ पुरलेली विषारी माती, वगैरे.

"ट्रकपुढे आडवं कोण झालं?" संत्याने विचारलं. हा माहुल गावचा, कोळी.

"तिथलेच लोक."

"आणि तुमची पुस्तकं?"

"ती नंतर..."

"हां. नंतर."

गाडी माहुलवर आलीच. मंद्याच्या फॉर्ममधला पहिला प्रश्न, 'आपणांस पर्यावरणीय अन्यायाची जाणीव कितपत होते?' त्यापुढे पाच चौकोन.

"आलास सकाळी अकराला," संत्या म्हणाला. "रिफायनऱ्या-केमिकलचा वास सुटतो रात्री. आई खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबते ना, तेव्हा ये. केईएमच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये सरळ विचारलं, दम लागतो का, महिन्यातून किती वेळा? तीनपेक्षा जास्त वेळा म्हणणारे ६७ टक्के निघाले. माहुलची हवा घातक, या हरित लवादाच्या २०१५ च्या निकालात तो आकडा कामी आला."

"काय कामी आला?" मंद्या तापला. "२०१७ मध्ये तानसा पाइपलाइनवरच्या झोपड्यांतली माणसं उचलून तिथेच टाकली ना!" (हे मात्र त्याचं खरं. त्यांना दुसरीकडे राहायला महिना १५ हजार भाडं द्या, असं हायकोर्टाने सांगेपर्यंत २०१९ उजाडलं.) "निकाल समोर असताना हे कोणी ठरवलं, कसं ठरवलं, हेच तर सामाजिक शास्त्राने..."

"मग आमच्या दारात काय करतोस? फॉर्म घेऊन त्यांच्या केबिनमध्ये जा. पुढची दहा वर्षं साहेबांचाच सर्व्हे करा. आमचा झालाय."

"तिथे अपॉइंटमेंट मिळत नाही रे."

"आमची घेतली होतीस?"

बाळ्याला ठसकाच लागला. जरा सावरल्यावर त्याने दहावीचा भूगोलाचा पेपर उकरून काढला. "हा तेव्हाही उत्तर हाताने झाकूनच बसायचा! माझे सात मार्क गेले."

"ते जाऊ दे," संत्या म्हणाला. "रिपोर्ट मराठीत देणार का?"

"इंग्रजीत आहे. पण संदर्भसूचीच वीस पानांची झालीय."

"दे. आईला सुकट बांधायला कागद लागतोच."