रिचार्ज नाही, अकाउंट नाही, तरी गेम चालतो

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. यंदाही आला. त्याचा गोषवारा असा: अकाउंट काढल्याशिवाय आणि चोवीस तास नेट असल्याशिवाय आता कॉम्प्युटरवर दोघांना मिळून गेम खेळताच येत नाही; अकाउंट न मागणारे गेम चोरीचे असतात, त्यात व्हायरस असतो; अकाउंटमुळे मुलं सुरक्षित राहतात; आणि खेड्यात तर हे सगळं जमणारच नाही. राजेहो, यातलं थोडं खरं आहे. ते कुठं ते सांगतोच, पण आधी बाकीचं.

'अकाउंटशिवाय मल्टिप्लेअर नाहीच.'

व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट खेळायचा असेल तर बरोबर आहे, लॉगिन केल्याशिवाय ते पुढं सरकत नाहीत. पण तो त्या कंपन्यांनी ठरवलेला नियम आहे. दोन मशीन एकमेकांशी जोडायला एकमेकांचा पत्ता कळला की भागतं. १९९३ चा डूम हा गेम लोक ऑफिसच्या नेटवर्कवर चौघं मिळून खेळायचे. १९९८ च्या स्टारक्राफ्टमध्ये तर एका सीडीवरून मित्रांच्या मशीनवर फक्त मल्टिप्लेअरपुरती प्रत टाकायची सोय कंपनीनंच दिली होती. त्याच कंपनीनं २०१० साली स्टारक्राफ्ट २ आणला आणि त्यातून लॅन, म्हणजे बाहेरच्या नेटशिवाय जवळच्या मशीन आपसात जोडून खेळायची सोय, काढून टाकलं. बारा वर्षांत मशीन कितीतरी वेगवान झाल्या होत्या. अडलं होतं ते धंद्याचं गणित.

झिरो ए.डी. हा फुकटचा युद्धाचा गेम उघडून पाहा. मल्टिप्लेअरमध्ये गेलं की लॉबी, होस्ट आणि जॉइन असे पर्याय दिसतात. लॉबीत जगभरातले अनोळखी खेळाडू भेटतात, म्हणून तिथं अकाउंट लागतं, आणि ते रास्तच आहे. होस्ट-जॉइनला, म्हणजे एकानं गेम मांडायचा आणि बाकीच्यांनी त्यात शिरायचं याला, मात्र नाव टाका, आयपी (मांडणाऱ्याच्या मशीनचा पत्ता) टाका, संपलं. आठ जणांपर्यंत खेळता येतं.

'चोवीस तास नेट पाहिजे.'

हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय, म्हणून जरा सविस्तर. रिचार्ज संपला म्हणून राऊटर मरत नाही. बाहेरचं नेट बंद असलं तरी घरातल्या मशीनना १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते तो वाटतच राहतो. ज्याच्याकडं गेम होस्ट करायचा त्यानं कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाईप करायचं, आलेला पत्ता ओरडून सांगायचा, बाकीच्यांनी तो जॉइनमध्ये टाकायचा. नाहीच जोडला गेला तर दहातल्या नऊ वेळा विंडोजचं फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडवणारा पहारेकरी, आडवं आलेलं असतं: नेटवर्क पब्लिकवर असतं, ते प्रायव्हेट करा आणि पहिल्यांदा खिडकी उघडते तेव्हा गेमला परवानगी द्या. राऊटर नसेल तर फोनचं हॉटस्पॉट लावा. बहुतेक फोनवर डेटा बंद ठेवूनही ते चालतं.

वायरनं जोडलंत तर आणखी उत्तम. इथरनेटची वायर १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे समोरच्या वाड्यातल्या पोट्ट्यालाही जोडता येईल. फक्त बाहेरून टाकलेली वायर मृगाच्या आधी काढून ठेवा, वीज पडली तर दोन्हीकडची मशीन जाईल. लाईट गेली तर लॅपटॉपला बॅटरी आहे आणि राऊटर इन्व्हर्टरवर सहज निघतो. विदर्भात शाळाच बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो, दुपारभर कुलरसमोरून कोणी हलत नाही. चार मशीन एका खोलीत मांडायला यापेक्षा चांगला मोसम नाही.

'फुकटचे म्हणजे चोरीचे.'

क्वेक ३ चा सोर्स कोड तो बनवणाऱ्या कंपनीनं २००५ साली स्वतःहून जीपीएल परवान्याखाली खुला केला. त्यावर ओपनअरेना हा फुकटचा गेम उभा राहिला. सुपरटक्सकार्ट, झोनोटिक, ओपनटीटीडी हेही असेच, कॉपी करून शेजाऱ्याला द्यायला परवान्यानंच मुभा आहे. व्हायरसची भीती खरी आहे ती टेलिग्रामवरून उतरवलेल्या क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरीच्या, गेमची. गेमच्या स्वतःच्या साइटवरून घ्या आणि पेनड्राइव्हनं वाटा. सुपरटक्सकार्ट तर अँड्रॉइडवरही चालतो, त्यामुळे कॉम्प्युटर नसलेलं पोरगंही शर्यतीत येतं.

'अकाउंटमुळे मुलं सुरक्षित.'

इथं मला हसू येतं. अकाउंटच्या जगात आमच्या गावातली सगळी पोरं २००० साली जन्मली आहेत, कारण वय कोणी खरं टाकतच नाही. २०२२ साली फोर्टनाइटच्या एपिक कंपनीनं अमेरिकेत २७.५ कोटी डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं. आरोप होता की तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केली. अनोळखी लोकांशी बोलण्याचं व्हॉइस चॅटही आपोआप चालू ठेवल्याचा ठपका होता. त्याआधी २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवरून सुमारे ७.७ कोटी अकाउंटची माहिती चोरीला गेली. घरच्या लॅनवर बोलणारा माणूस शेजारच्या खुर्चीत असतो. शिवी दिली तर आई ऐकते.

अकाउंटमुळे चीटर, म्हणजे लबाडीनं जिंकणारे, अडतात म्हणाल, तर ते सक्तीच्या अकाउंटच्या गेममध्येही रोज पकडले जातात.

'खेड्यात जमणारच नाही.'

एका गावात, एका खोलीत जमतं, हे वर सांगितलं. दोन गावांमधून खेळायचं असेल तर मात्र अडचण खरी आहे. मोबाईल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागं पुष्कळ ग्राहक बसवतात. त्यामुळे तुमच्या मशीनपर्यंत बाहेरून थेट पोचता येत नाही आणि राऊटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडूनही काही होत नाही. यावर झिरोटियरसारखं खासगी नेटवर्क लागतं, आणि त्याला अकाउंट लागतं. पण ते नेटवर्क बनवणाऱ्या एकट्यालाच. बाकीच्यांनी सोळा अक्षरी नेटवर्क आयडी टाकला की झालं. ते अकाउंट घरातल्या मोठ्या माणसानं काढावं, कारण जोडू पाहणाऱ्या प्रत्येक मशीनला परवानगी त्यालाच द्यावी लागते, आणि तोवर कोणी आत येत नाही.