माक्याच्या तेलानं टक्कल जातंय म्हणे!

बेळगावपासून निपाणीपर्यंत सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय, माका, कांदा आणि रोझमेरीचं तेल लावा, टक्कल पाडणारं डीएचटी हार्मोन मुळातनं बंद, 21 दिवसांत केस परत, संशोधनात सिद्ध, साइड इफेक्ट शून्य. खानापूरकडं बांधावर माका उगवतोय, फुकटचं औषध म्हटल्यावर कुणाला नको असतंय? पण जरा बघूया की.

21 दिवस म्हणे! केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतोय. टायफॉईड नाहीतर बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी गळणारे केस बहुतेकांचे काही न लावता परत येतात, आणि नाव होतंय तेलाचं.

संशोधन? रोझमेरीवर खरंच आहे. इराणमध्ये 100 जण, काहींना रोझमेरी, काहींना 2 टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे टाळूला लावायचं केस वाढीचं औषध, 6 महिने, निकाल 2015 ला छापून आला. तीन महिन्यांपर्यंत दोन्हीकडं मोजण्यासारखा फरक नाही, सहा महिन्यांनी दोन्हीकडं केस थोडे वाढले. म्हणजे 21 दिवसांचा दावा त्यांच्याच पुराव्यानं उडाला बघा. वर नुसतं साधं तेल लावणारा तिसरा गटच नव्हता, मग वाढ रोझमेरीची का रोजच्या मालिशची, कळणार कसं? पुरुषांना डॉक्टर सहसा 5 टक्के मिनॉक्सिडिल देतात, ते तर तुलनेत नव्हतंच. माक्याचे प्रयोग बहुतेक उंदरांवरचे, त्यांची पाठ भादरायची आणि केस किती लवकर येतात ते बघायचं, आता भादरलेल्या उंदराला टक्कल म्हणायचं काय? कांद्याच्या रसाची 2002 ची चाचणी तर चाईवर होती, ती शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं पडते, हार्मोनचा तिथं संबंध नाही.

डीएचटी बंद आणि साइड इफेक्ट शून्य, हे दोन्ही एका दमात सांगणाऱ्याला तर हात जोडावेत. डीएचटी खरंच कमी करणारी फिनास्टेराइड गोळी आहे, तिनं काहींना लैंगिक तक्रारी होतात म्हणून डॉक्टर आधी विचारून घेतात. लॅबमध्ये अर्कानं डीएचटी बनवणारं एन्झाइम थांबलं म्हणून ते कातडीतनं केसाच्या मुळापर्यंत पोचतंय असं होत नाही. आणि कच्चा कांदा, न मिसळलेलं रोझमेरी तेल यानं आग होते, पुरळ उठते, तो साइड इफेक्ट नाही तर काय?

मेसेजसोबतच्या आधी-नंतरच्या फोटोंचं तर विचारूच नका. आधीचा ओल्या केसांचा, वरनं लाइट, नंतरचा शाम्पू करून फुगवलेला. खऱ्या चाचणीत टाळूवर बारीक खूण गोंदून त्याच जागेचे केस कॅमेऱ्यानं मोजतात.

बायकांनी तर हा मेसेज सोडूनच द्यावा, भांग रुंद व्हायलाय आणि पाळीही अनियमित असली तर पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी चुकणारा आजार), थायरॉइड आधी तपासून घ्या, तेल नंतर.